कुणाला विचारले?



जेंडर डिस्फोरिया या विषयावर मराठीत जाहीर व्याख्यान आहे म्हटले, की सभागृहात साधारण दोन प्रकारची मंडळी येतात. काहींना वाटते, वक्ता आज या अमेरिकन खुळाचा चांगला समाचार घेणार. काहींना वाटते, याला खूळ म्हणणाऱ्यांचा समाचार घेणार. दोघांचीही थोडी निराशा होणार आहे, ते आधीच सांगितलेले बरे. तिसराही एक प्रकार असतो. ती माणसे सहसा मागच्या रांगेत बसतात आणि प्रश्न विचारत नाहीत. हा विषय त्यांच्या घरात येऊन बसलेला असतो. आपले मूल जन्मतः मिळालेल्या शरीराशी आणि त्याबरोबर आलेल्या मुलगा किंवा मुलगी या ओळखीशी झगडते आहे, हे त्यांना कळलेले असते. मी जे बोलणार आहे ते प्रामुख्याने त्यांच्याशी.

सुरुवात जवळच्याच जागेपासून करू. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये राहणाऱ्यांना ग्रोव्हर्स मिल सांगायला नको. ३० ऑक्टोबर १९३८च्या रात्री ऑर्सन वेल्सने रेडिओवर एक नाटक सादर केले, बातम्यांच्या थाटात. मंगळावरचे यान ग्रोव्हर्स मिलच्या शेतात उतरले आणि आतून भयंकर प्राणी बाहेर पडले, असे ते नाटक. लोकांनी ते खरे मानले आणि देशभर हाहाकार उडाला, असे आपण ऐकत आलो आहोत. व्हॅन नेस्ट पार्कात त्याचे स्मारकही आहे, १९८८ साली उभारलेले. पण त्या हाहाकाराचा पुरावा काय? बराचसा पुरावा पलीकडच्या प्रिन्स्टनमधून आला. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने १९४० साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यासाठी १३५ माणसांच्या मुलाखती झाल्या, आणि त्यांतली शंभराहून अधिक माणसे मुळात निवडलीच होती ती त्या रात्री घाबरली होती म्हणून! घाबरलेल्यांना विचारले, तर उत्तरात घबराटच मिळणार. त्याच रात्री श्रोत्यांची जी टेलिफोन-पाहणी झाली, तिच्यात हा कार्यक्रम ऐकत असल्याचे सांगणारे सुमारे दोन टक्के निघाले. घबराट मुळीच नव्हती असे कुणी म्हणत नाही. पण रेडिओने वर्तमानपत्रांच्या जाहिराती पळवायला सुरुवात केली होती, आणि वर्तमानपत्रांनी ही बातमी फुगवली, असे पुढच्या अभ्यासकांचे मत आहे.

हे सगळे इथे सांगण्याचे कारण असे. आजच्या वादात वारंवार ऐकू येणारा एक आक्षेप आहे: ही साथ आहे, मुले एकमेकांचे बघून आणि इंटरनेटवर पाहून हे उचलतात. या आक्षेपाला अभ्यासाचे बळ मिळाले ते २०१८ साली, लिसा लिटमन या संशोधिकेच्या लेखामुळे. पौगंडावस्थेत अचानक उद्भवणारा डिस्फोरिया, अशी तिची मांडणी होती. तिने विचारले २५६ पालकांना. मुलांना नाही, पालकांना. आणि हे पालक मिळवले कुठून? तीन वेबसाइटांवरून, जिथे आपल्या मुलांच्या अशा बदलाविषयी साशंक असलेलेच पालक जमत. कँट्रिलच्या मुलाखती आठवा. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकाने लेखाची दुरुस्त आवृत्ती छापली. हे पालकांचे म्हणणे आहे, मुलांच्या निदानाचा हा पुरावा नव्हे, हे तिच्यात स्पष्ट केले. म्हणजे ते पालक खोटे बोलत होते का? अजिबात नाही. त्यांची धास्ती खरी होती. पण धास्ती खरी असणे निराळे आणि धास्तीचे कारण खरे असणे निराळे.

इथे काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल. जरा थांबा, कारण हीच कसोटी आता दुसऱ्या बाजूला लावायची आहे. अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय संघटना बरीच वर्षे सांगत आल्या, की पौगंडावस्था थोपवणारी औषधे, म्हणजे प्युबर्टी ब्लॉकर, आणि त्यानंतरची हार्मोन्स, ही मान्य आणि गरजेची उपचारपद्धती आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२० साली डॉ. हिलरी कॅस या ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ बाईंना या सगळ्याची फेरतपासणी करायला सांगितले. अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. त्यासाठी यॉर्क विद्यापीठाने जगभरचे अभ्यास चाळले. ब्लॉकर औषधांवरचे ५० अभ्यास हाती लागले, त्यांपैकी उच्च दर्जाचा ठरला एक. हार्मोन्सवरचे ५३, त्यांतही उच्च दर्जाचा एकच. इतर अभ्यासांत रुग्ण थोडे, तुलनेला दुसरा गट नाही, वर्षे उलटली की बरेच रुग्ण कुठे गेले त्याचा पत्ता नाही. ज्या डच अभ्यासाच्या पायावर ही पद्धत जगभर पसरली, त्याच्या २०१४च्या निष्कर्षात ५५ तरुण होते, तेही काटेकोर छाननी करून निवडलेले. फिनलंडने २०२० साली आणि स्वीडनने २०२२ साली आपले धोरण सावध केले. अमेरिकन बालरोग अकादमीनेही २०२३ मध्ये आपली भूमिका कायम ठेवली खरी, पण पुराव्याची पद्धतशीर तपासणी करण्याचे त्याच वेळी जाहीर केले. म्हणजे तोवर ती झालेली नव्हती!

मग उपचार घातक आहेत असे सिद्ध झाले का? नाही. पुरावा दुबळा आहे, एवढेच सिद्ध झाले. फायदा नाही असे कळणे आणि फायदा आहे की नाही ते नीट न कळणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण व्यासपीठावर चढले की दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना ते अंतर दिसेनासे होते. एक म्हणतो, कॅसने हे थोतांड ठरवले. दुसरा म्हणतो, कॅस विकली गेली. मुळात त्या बाईंनी आपल्या अहवालात बजावून ठेवले आहे की पारलिंगी माणसांच्या ओळखीची वैधता नाकारणे हा या अहवालाचा हेतू नाही. ते वाक्य मात्र फारसे कुणी उद्धृत करत नाही.

अशा मुलांच्या संख्येचेही असेच आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या लिंगओळखीच्या दवाखान्याकडे २०११-१२ मध्ये २५०हून कमी मुले पाठवली गेली होती, २०२१-२२ मध्ये ५,०००हून अधिक. वाढ प्रचंड आहे, त्यात वाद नाही. पण वाढीचा आकडा आपले कारण आपण सांगत नाही. समाजाने दार उघडले म्हणून आत दबलेली माणसे बाहेर आली, हे एक स्पष्टीकरण. ते पटण्यासारखे आहे. पण पूर्वी अशा दवाखान्यांत जन्माने मुलगे असलेली मुले अधिक येत, आणि अलीकडे जन्माने मुली असलेली, तीही वयात येताना, अधिक येऊ लागली. नुसत्या उघडलेल्या दाराने हा पालट समजावता येत नाही. या मुलांमध्ये नैराश्य, चिंता, स्वमग्नता यांचे प्रमाणही मोठे आहे. त्यातले काय कारण आणि काय परिणाम? अभ्यासक अजून चाचपडत आहेत, आणि चाचपडणाऱ्याने चाचपडतो आहोत असे म्हणण्यात कमीपणा नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या वादात दोन वेगळ्या खात्यांतली रक्कम सतत एकमेकांत वळती केली जाते. एक खाते वैद्यकाचे: कोणत्या वयात, कुणाला, कोणता उपचार, त्याचा लाभ किती आणि किंमत किती? दुसरे खाते मानाचे: या माणसाला हाक कशी मारायची, शाळेत, नोकरीत, घरात त्याने कसे वावरायचे? वैद्यकाच्या खात्यात पुरावा कमी पडला की काही मंडळी लगेच मानाचे खाते गोठवतात. उलट, मानाचा कळवळा असलेली मंडळी तोच कळवळा वैद्यकाच्या खात्यात भरतात आणि म्हणतात, औषधावर शंका घेतलीत म्हणजे तुम्ही माणूसच नाकारलात. माझे म्हणणे साधे आहे. औषधाला पुरावा लागतो, आणि तो कडक तपासलाच पाहिजे. माणसाच्या मानाला पुरावा लागत नाही.

या गल्लतीला निदानाचा इतिहासही थोडा जबाबदार आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची डीएसएम ही नियमावली घ्या. १९७३ साली समलैंगिकता हा आजार नाही असे तिथे ठरले. १९८० साली पारलिंगी असणे आणि मुलांमधला लिंगओळखीचा विकार यांची विकार म्हणून नोंद झाली. १९९४ साली दोन्ही एका नावाखाली आले. २०१३ साली नाव पुन्हा बदलून जेंडर डिस्फोरिया झाले, आणि या वेळचा बदल अर्थाचा होता: ओळख हा विकार नाही, त्या ओळखीपायी होणारी तीव्र यातना ही उपचाराची बाब. मग नोंद पुसूनच का टाकली नाही? अमेरिकेत राहणाऱ्यांना उत्तर माहीत आहे. विमा कंपनीला कोड लागतो! कोड नाही तर पैसे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, ही नोंद मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली. म्हणजे ज्या शब्दावर एवढे रण माजले आहे, तो अर्धा वैद्यकाचा शब्द आहे आणि अर्धा कारकुनीचा.

हे फक्त अमेरिकेचे नखरे आहेत, असे म्हणणाऱ्यांनी बीड जिल्ह्याकडे पाहावे. माजलगावच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. भरती महिला म्हणून झालेली, तेव्हा पुरुष झाल्यावर नोकरीचे काय, हा खात्यापुढचा पेच. अर्ज फेटाळला गेला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या दारात गेले, शेवटी शासनाने परवानगी दिली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे पुन्हा कामावर हजर झाले. सगळे ठीक झाले. पण त्या वेळच्या बातम्यांत एक तपशील ठळकपणे येत असे: तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. जणू त्या गुणसूत्राने सहीशिक्का दिला. समजा, ते आढळले नसते तर? यातना तीच, माणूस तोच, वर्षानुवर्षांची घुसमट तीच. रजेचा अर्ज कमी खरा ठरला असता का?

त्याच्या शेजारी जळगाव जिल्ह्यातले भादली ठेवा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पारलिंगी असलेल्या अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, तो बाद झाला. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना महिला म्हणून लढू दिले, आणि त्या निवडून आल्या. आधार होता २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या नालसा निकालाचा, ज्याने स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. पुढे २०१९च्या कायद्याने मात्र स्त्री किंवा पुरुष अशी नोंद करून घ्यायची तर शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. न्यायालयाने माणसाचा शब्द घेतला आणि संसदेने दवाखान्याची चिठ्ठी मागितली. भादलीच्या मतदारांनी चिठ्ठी मागितली नाही.

आणखी एक आक्षेप: आपल्या पिढीत हे नव्हते. नव्हते कसे? यल्लम्माचे जोगते होते, मंगलकार्याच्या दारात टाळी वाजवणारे होते. आपण त्यांना शुभ मानले आणि उंबऱ्याबाहेर ठेवले. म्हणून परंपरेचा हवाला देणाऱ्यांनीही, मग ते विरोधक असोत की बृहन्नडेचे नाव घेऊन पाठिंबा देणारे असोत, जरा जपून बोलावे. ज्या परंपरेत मान मिळण्यासाठी घर सोडावे लागते, ती या सभागृहातल्या आईबापांच्या काय कामाची?

आता घर आणि शाळा. न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्यात लिंगओळखीचा समावेश २००६ साली झाला. २०१८ साली राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांना सूचना दिल्या: विद्यार्थी जी ओळख सांगेल ती माना, त्यासाठी पालकांची संमती आवश्यक नाही. जून २०२३ मध्ये मार्लबरो, मॅनलापन आणि मिडलटाउनच्या शाळा मंडळांनी उलट धोरण केले, की मुलाने नाव वा सर्वनाम बदलले तर पालकांना कळवायचे. मार्लबरो-मॅनलापन म्हणजे काही परकी गावे नव्हेत, आपली किती घरे तिथे आहेत! राज्याच्या महान्यायवाद्यांनी खटला भरला आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती धोरणे रोखली.

यावर पालकांचा संताप मला समजतो. डोकेदुखीची गोळी द्यायची तरी शाळा आमची सही मागते, आणि एवढी मोठी गोष्ट आमच्यापासून लपवते? प्रश्न रास्त आहे. डॉ. कॅस यांनीही म्हटले आहे की लहान मुलाचे नाव, पेहराव, ओळख बदलणे ही तटस्थ कृती नाही, ती काळजीपूर्वक आणि पालकांना सोबत घेऊन व्हावी. अल्पवयीन मुलाची दोन आयुष्ये, एक शाळेतले आणि एक घरातले, वर्षानुवर्षे चालू राहणे कुणाच्याच हिताचे नाही. पण उलट बाजूही पाहा. सक्तीने कळवले तर काय होईल? ज्या घरात मूल सांगू शकते, तिथे ते बहुधा सांगतेच, सक्तीची गरज पडत नाही. सक्ती लागू होते नेमकी त्या घरांना, जिथे सांगायची मुलाची छाती होत नाही. त्या घरांत कळल्यावर काय होते, याची हमी शाळा मंडळ देणार आहे का? शाळेने मुलाला पालकांशी बोलायला मदत करावी, समुपदेशकाने मध्ये बसावे, हा मार्ग मला दोन्ही टोकांहून शहाणपणाचा वाटतो. कायद्याच्या भाषेत तो बसवणे कठीण आहे, एवढे मान्य.

आपल्या घरांत एक जादा अडचण आहे, जी शेजारच्या अमेरिकन घरात नाही. इंग्रजीत स्वतःविषयी बोलताना मुलाला आपण मुलगा की मुलगी हे सांगावे लागत नाही. मराठीत पहिल्याच वाक्यात सांगावे लागते. आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना 'मी जेवलो' म्हणायचे की 'मी जेवले', हे त्या मुलाला दर रविवारी ठरवावे लागते, आणि काही मुले त्यापेक्षा इंग्रजीतच बोलतात. मराठी शाळेत घालूनही पोरगे मराठी बोलत नाही, अशी तक्रार करणाऱ्या एखाद्या घरात कारण हेही असू शकेल.

एक धमकीवजा वाक्य अनेक पालकांना ऐकवले जाते: उपचार द्या, नाहीतर मूल गमवाल. हे वाक्य बोलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या मुलांमधली यातना आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण खरोखरच जास्त आहे, ते गंभीरपणे घ्यायलाच हवे. पण औषध रोखल्याने आत्महत्या भरमसाट वाढल्या, या इंग्लंडमधल्या दाव्याची २०२४ साली प्रा. लुई ॲपलबी यांनी तपासणी केली आणि आकडे त्याला दुजोरा देत नाहीत असे सांगितले. घाबरवून घेतलेली संमती ही संमती नव्हे. मग घरच्यांच्या हातात काय उरते? २०१८ साली १२९ तरुणांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना त्यांनी निवडलेल्या नावाने अधिक ठिकाणी हाक मारली जात होती, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले. आता माझीच कसोटी मला लावा: पाहणी छोटी आहे, आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे नव्हे. कबूल. पण मोठ्या होत चाललेल्या मुलाने सांगितलेल्या नावाने घरात हाक मारण्यात हार्मोनसारखा कायमचा शारीरिक परिणाम नाही, आणि वाटले तर उद्या नाव पुन्हा बदलता येते.

राजकारणाने हा विषय डॉक्टरांच्या हातून जवळपास काढूनच घेतला आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी अल्पवयीनांच्या अशा उपचारांवरची टेनेसी राज्याची बंदी कायम ठेवली, म्हणजे निर्णय राज्यांवर सोपवला. टेक्ससने २०२३ मध्येच अल्पवयीनांसाठी हे उपचार बंद केले. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी त्याच वर्षी उलट, ते घेणाऱ्यांना संरक्षण देणारा आदेश काढला. आपल्यातले एखादे कुटुंब नोकरीसाठी प्लेन्सबरोहून प्लेनोला गेले, तर मूल तेच, डॉक्टरांचे कागद तेच, पण जे इथे कायदेशीर ते तिथे बेकायदा. इकडे कायदा उदार म्हणून डॉक्टरला प्रश्न विचारायचे नाहीत असे नव्हे. विचारा: माझ्या मुलाच्या वयाच्या किती रुग्णांचा तुम्ही पाच वर्षे पाठपुरावा केला आहे? नैराश्याचा उपचार आधी का नाही, किंवा सोबत का नाही? हाडांवर, पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर काय परिणाम? थांबलो तर काय, आणि थांबून काय गमावू? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

मराठीत असे प्रश्न जाहीरपणे विचारण्याची सोय रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ सालीच केली होती, 'समाजस्वास्थ्य' मासिकात. वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्वे हरले आणि त्यांना दंड झाला. मासिक मात्र ते १९५३ साली वारेपर्यंत निघत राहिले.

आता प्रश्नोत्तरे घेऊ. स्वयंसेवक कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन मागच्या रांगेपासून सुरुवात करतील. चिठ्ठीवर नाव लिहायची गरज नाही.